जुन्या ट्रकच्या मागें ट्रेलर

अमेरिकेंत जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी लोकांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांत पिकअप म्हणजे छोट्या मालवाहू ट्रकांवर जीव असणारेहि पुष्कळ आहेत. अशा ट्रकांपैकीं शेव्रोले कंपनीची ३१०० या क्रमांकाची गाडी फार आवडती. १९४७ च्या उन्हाळ्यांत ती बाजारांत आली आणि थोडेफार फेरफार होत १९५५ च्या आरंभापर्यंत तयार होत राहिली. ही गाडी घरीं आणून, गंज खरवडून, रंगरूप देऊन चालती केली, कीं मालकाच्या मनांत एक इच्छा हमखास उठते: हिच्या मागें ट्रेलर जोडावा. कोणाला होडी न्यावयाची असते, कोणाला दुसरी जुनी मोटार, कोणाला चाकांवरची राहण्याची खोली. मग तो दुकानांतून मजबूत हिच, म्हणजे ट्रेलर अडकविण्याची जोडणी, घेऊन येतो. तिच्यावर ती किती हजार पौंड ओढूं शकेल तो आंकडा लिहिलेला असतो. घोटाळ्याला सुरुवात होते ती येथेंच. तो आंकडा हिचचा असतो, ट्रकचा नव्हे. आजचें माझें सगळें बोलणें या एका गोष्टीभोंवतीं फिरणार आहे.

प्रथम बंपरविषयीं. बंपरला एक भोंक पाडून त्यांत लोखंडी गोळा बसविला कीं काम झालें, अशी समजूत अद्यापि आढळते. या गाडीचा बंपर म्हणजे वांकविलेला पत्रा. कोणी हळूच धडकलें तर पत्र्याची मालपेटी वांचावी, एवढ्यासाठीं तो आहे. त्याला धरणाऱ्या दोन पट्ट्या मागून पुढें येणारा धक्का सोसण्यासाठीं केलेल्या आहेत. ट्रेलर मात्र मागें ओढतो, खालीं दाबतो आणि वळणावर पिळतो. अशा बंपरावर बागेंतला पालापाचोळा नेणारी हलकी गाडी ओढावी. त्याहून जड कांहीं नको.

खालीं दाबतो, असें मीं म्हटलें. हें आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला समजावून सांगावें लागत नाहीं. ओझें मागें गेलें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला जोताचा फास बसतो. ओझें फार पुढें आलें तर गाडी धुरजड होऊन बैलांचीं वशिंडें दबतात. ट्रेलरची गोष्ट तंतोतंत हीच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या टोकावर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर, पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर ट्रेलर वेगांत शेपटीसारखा डुलूं लागतो. एकदा डुलूं लागलेला ट्रेलर ट्रकलाहि आपल्याबरोबर रस्त्याबाहेर नेतो.

आतां थोडा हिशोब करूं. ट्रेलर पांच हजार पौंडांचा आहे आणि त्याचे पांचशें पौंड गोळ्यावर आले आहेत, असें धरा. या ट्रकच्या पुढच्या व मागच्या आंसांमधलें अंतर ११६ इंच आहे. गोळा मागच्या आंसाच्या मागें चार फूट, म्हणजे ४८ इंच, आहे असें समजूं. पाळण्याच्या तत्त्वानें पुढचीं चाकें सुमारें २०७ पौंडांनीं हलकीं होतात आणि मागच्या आंसावर पांचशें नव्हे, सातशें सात पौंड वाढतात. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे सुकाणूं हातांत सैल लागतें. शिवाय रात्रीं दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. सारें ओझें भरून या गाडीचें वजन पांच हजार पौंडांहून कमीच राहावें, अशी तिची मुळांतली मर्यादा. आणि रिकामी गाडीच तीन हजारांच्या वर भरते. उरलेल्या जागेंत चालक, शेजारीं बसणारा, मालपेटींतील सामान आणि गोळ्यावरचें वजन, हें सगळें मावावयास हवें.

मग हिच बसवावा कोठें? चॅसीवरच. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, असा तो शिडीसारखा सांगाडा असतो. प्रत्येक तुळई इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची: एक उभी पाटी आणि वर-खालीं एकेक कांठ. मागच्या टोकाशीं ओझें लोंबलें म्हणजे वरचा कांठ ताणला जातो, खालचा दाबला जातो, आणि उभ्या पाटीच्या मध्यावर हा ताण जवळजवळ नसतो. म्हणून बोल्टासाठीं भोंक पाडावयाचेंच असेल तर तें उभ्या पाटींत, मध्याच्या आसपास पाडावें; कांठांत कधींहि पाडूं नये. जेथें कांठाला भोंक तेथें पुढें भेग, हें ठरलेलें. भोंक गिरमिटानें नेमक्या मापाचें करावें. ज्योतीनें जाळून केलेलें भोंक वेडेंवांकडें होतें आणि त्याच्या कडेचें पोलाद बिघडतें.

वेल्डिंगचा मोह अनेकांना होतो, कारण त्यानें काम झटपट होतें. कारखान्यानें हा सांगाडा रिव्हेट मारून जोडला आहे. ओबडधोबड रस्त्यावर तो थोडा पिळवटावा आणि पुन्हां सरळ व्हावा, अशीच त्याची रचना आहे. कांठावर आडवा सांधा वितळवून घातला कीं त्याच्या बाजूचें पोलाद पूर्वीसारखें राहत नाहीं, आणि पिळवटण्याचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. शिवाय १९४७-४८ सालच्या गाड्यांत पेट्रोलची टांकी मालपेटीखालीं, चॅसीला लागून असे. १९४९ पासून ती केबिनमध्यें बैठकीच्या मागें गेली. ठिणग्या उडविण्यापूर्वीं आपली गाडी कोणत्या सालची आहे हें पाहिलेलें बरें!

आजच्या गाड्यांसाठीं मापाचे हिच दुकानांत तयार मिळतात; सत्तर वर्षांपूर्वींच्या गाडीसाठीं बहुधा घडवून घ्यावा लागतो. पण पाना हातांत घेण्यापूर्वीं तुळया तारेच्या ब्रशनें उघड्या कराव्यात आणि हातोडीनें ठोकून पाहाव्यात. निकोप पोलाद खणखणतें, गंजानें खाल्लेलें बद्द वाजतें. कमानपाट्यांच्या मागच्या टांगणीजवळ आणि रिव्हेटांच्या भोंवतीं भेगा शोधाव्यात. तुळई गंजून पातळ झाली असेल तर आधीं ती दुरुस्त करावी. हिचचा विचार मागाहून.

तुळई निकोप निघाली म्हणजे दोन्ही बाजूंस पाव ते तीन-अष्टमांश इंच जाडीच्या पोलादी पाट्या उभ्या लावाव्यात. त्या तुळईच्या बाजूनें दीड-दोन फूट पुढें जाऊं द्याव्यात आणि त्यांचें पुढचें टोक निमुळतें करावें. टोक चौकोनी ठेवलें तर सगळा ताण तेथें एकाएकीं तुटून येतो. या दोन पाट्यांना जोडणारी मागची आडवी चौकोनी नळी हाच हिचचा कणा. या गाडींत जादा चाक मालपेटीखालीं मागच्या बाजूसच ठेवलेलें असतें. तें काढावयास वाट राहील अशा बेतानें नळी बसवावी. नाहीं तर आडरानांत चाक पंक्चर झाल्यावर आपलाच हिच आडवा येतो. प्रत्येक बाजूस निदान चार, अर्धा इंच जाडीचे बोल्ट असावेत आणि ते आठव्या प्रतीचे असावेत. अशा बोल्टाच्या डोक्यावर सहा रेघा असतात. तीन रेघांचा बोल्ट पांचव्या प्रतीचा, कमी ताकदीचा. दुकानदाराच्या शब्दावर न जातां रेघा मोजाव्यात. सांगाड्यांत कारखान्याचीं जुनीं भोंकें पुष्कळ असतात. जेथें जमेल तेथें तींच वापरावींत, म्हणजे पुढें कोणाला गाडी मूळ स्वरूपांत पाहावयाची झाली तर बोल्ट काढले कीं झालें. मला स्वतःला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. हे ट्रक आतां पुन्हां तयार होणार नाहींत.

एवढें नीट झालें म्हणजे हिच पांच हजार पौंड खुशाल ओढील. पण ट्रक तें वजन थांबवील काय? या गाडीचें सहा नळकांड्यांचें एंजिन नव्वदच्या आसपास अश्वशक्तीचें आहे आणि तिचा दांत्यांचा हिशोब सावकाश ओढण्याचा आहे. त्यामुळें सपाटीवर ती मोठें वजनहि हलवील, आणि फसगत होते ती यामुळेंच. तिचे चारी ब्रेक ड्रमचे, आणि त्यांना तेल पुरविणारी योजना एकच. एक नळी फुटली कीं चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र भागांची योजना अमेरिकेंतल्या गाड्यांत सर्वत्र आली ती १९६७-६८ च्या सुमारास. घाट उतरतांना वजन दुप्पट झालें कीं ब्रेकांत निर्माण होणारी उष्णताहि दुप्पट होते. ड्रम तापून फुगतात, पाय खालीं जातो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून माझ्या मतें या ट्रकनें दोन हजार पौंडांच्या पलीकडे जाऊं नये, आणि त्या ट्रेलरलाहि स्वतःचे ब्रेक असावेत. हिचवर कांहींहि लिहिलेलें असो.

ट्रेलरच्या ब्रेकांतहि एक अडचण आहे. विजेचे ब्रेक बारा व्होल्टवर चालतात आणि ही गाडी सहा व्होल्टची. सगळी वायरिंग बदलणें ज्यांना नको असेल त्यांनीं धक्क्याचे ब्रेक घ्यावेत. ट्रक मंदावला कीं ट्रेलर पुढें रेटतो, आणि त्या रेट्यानेंच तेल दाबलें जाऊन ट्रेलरचीं चाकें आवळलीं जातात; ट्रकच्या विजेची गरज लागत नाहीं. दिव्यांसाठीं मात्र सहा व्होल्टचे बल्ब लावावेत. दोन सांखळ्या पुढच्या टोकाखालून फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊन हिचला अडकवाव्यात. गोळा सुटलाच तर ट्रेलरचें टोक त्या झोळींत पडतें, रस्त्यांत रुतत नाहीं.

पहिली फेरी रिकामा ट्रेलर घेऊन करावी. निघण्यापूर्वीं प्रत्येक नटावरून पाटीवर येणारी पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पन्नास मैल झाल्यावर गाडीखालीं निजून, कंदील धरून त्या रेघा पाहाव्यात. रेघ जेथें तुटलेली दिसेल तेथला नट फिरला आहे; तो पुन्हां आवळावा आणि जुनी रेघ पुसून नवी ओढावी.