कोच झाला सिनेटर, अन् चारशेवर बढत्या अडकल्या

अमेरिकेतल्या अलाबामात टॉमी ट्युबरव्हिल हे ऑबर्न विद्यापीठाचे फुटबॉल कोच होते. (त्यांचं फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं, आपलं नव्हे.) २००४ ला संघानं १३ पैकी १३ सामने जिंकले, नाव घराघरात गेलं. आधी कुठलंही पद नसताना २०२० ला ते थेट सिनेटवर निवडून आले. ट्रम्प यांचा पाठिंबा होताच.

सिनेटमध्ये लष्करी बढत्या एकमतानं, एकगठ्ठा मंजूर होतात. एकानं जरी हरकत घेतली तर एकेक नाव मतदानाला घ्यावं लागतं. गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या सैनिकांना प्रवासखर्च द्यायच्या धोरणाविरोधात २०२३ मध्ये ट्युबरव्हिल यांनी तेच केलं. चारशेवर बढत्या तुंबल्या. त्यांच्याच पक्षातले काहीजण वैतागले. डिसेंबरात त्यांनी बहुतेकांची वाट मोकळी केली. धोरण मात्र तेव्हा बदललं नाही.