उजनीच्या तळाशी कोण उतरणार?

मोडनिंबला स्कूबा डायव्हिंगचा क्लब नाही. उद्या कुणी काढतो म्हणालं, तर टपरीवर आठवडाभर हशा पिकेल. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, माढा तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. इथे पाण्याचा विषय निघतो तो बोअरला किती फुटांवर पाणी लागलं आणि विहिरीनं तळ कधी गाठला, याच अंगानं. पाण्याखाली हौसेनं उतरायचं, त्यासाठी वर्गणी काढायची, हे खूळ कोकणातल्यांनी करावं!

पण याच माढा तालुक्यात, मोडनिंबपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, भीमा अडवून उभं केलेलं उजनी धरण आहे. १९८० साली ते पुरं झालं. त्याच्या जलाशयाची, यशवंतसागराची, साठवण ११७ टीएमसीच्या घरात आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त साठा मृत. उन्हाळ्यात ‘उजनी वजा तीस’, ‘वजा चाळीस’ अशा बातम्या येतात, त्या या मृत साठ्यात हात घातल्याच्या असतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊस बागायतदाराला झोपेतून उठवून विचारा, आजची टक्केवारी तो बिनचूक सांगेल. त्याच धरणात गेल्या दहा वर्षांत किती माणसं बुडाली, हे मात्र कुणी सांगू शकणार नाही.

दोन घटना लोकांच्या लक्षात आहेत. ३० एप्रिल २०१७ रोजी अकलूज परिसरातले काही डॉक्टर जलाशयात फिरायला गेले होते. बोट उलटली आणि चौघे गेले. त्यानंतर २१ मे २०२४ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आला, बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलंही होती. एनडीआरएफचं पथक आलं, गावकऱ्यांच्या होड्या उतरल्या. मृतदेह हाती लागले ते तिसऱ्या दिवशी. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं बोटीनं पलीकडे जातात. सोयरीक पलीकडे, बाजार पलीकडे आणि मध्ये धरण. लाइफ जॅकेट हा प्रकार बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला.

अशा वेळी पहिला फोन जातो पोलीस पाटलाला आणि पोलीस पाटलाचा जातो कोळी किंवा भोई वस्तीवरच्या कुणाला तरी. राज्यासाठीची एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून साहित्यासह माढ्यात किंवा करमाळ्यात यायला अर्धा दिवस मोडतो. तोवर जे काही होतं ते गावाच्या हातून होतं. थर्माकोलचे तराफे येतात, कुणी ट्यूब आणतो. पुराच्या वेळी गुऱ्हाळातली काहील पाण्यात ढकलून तिचीच नाव करणारी माणसं भीमाकाठी आहेत. मग गळ टाकायला सुरुवात होते. दोरीला चार-पाच आकड्यांचा लोखंडी गळ बांधायचा, होडी हळूहळू वल्हवत तो तळावरून ओढायचा. गळ अडकला की सगळ्यांचा श्वास अडकतो. बहुतेक वेळा बाभळीचं खोड निघतं, नाहीतर जुनं जाळं. त्यानंही काम भागलं नाही, की एखादा पोरगा कमरेला दोर बांधून, छाती भरून दम घेऊन खाली जातो. खाली काही दिसत नाही. तो पायानं आणि हातानं चाचपतो. मिनिटभरानं वर येतो, डोकं हलवतो, पुन्हा जातो.

पंढरपुरात हेच काम चंद्रभागेत वर्षभर चालतं. वाळू उपशानं पात्रात खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यात उभा असलेला वारकरी एक पाऊल पुढे टाकतो आणि गळ्याच्या वर बुडतो. त्याला ओढून काढणारी होडीवाल्या कोळ्यांची पोरं असतात. वारीत शासनाची पथकं येतात, बोटी येतात, वारी सरली की निघून जातात. कोळ्यांची पोरं तिथेच राहतात. त्यांना पगार नाही, विमा नाही. नातेवाइकांनी हातावर काही ठेवलं तर ठेवलं. प्रेत काढलेल्या हातांना घरी गेल्यावर आंघोळ करून मगच उंबरा ओलांडावा लागतो, एवढाच काय तो मान!

या पोरांचं कौतुक करून आपण मोकळे होतो आणि माझी तक्रार नेमकी त्या कौतुकाशी आहे. धाडस पाण्याला कळत नाही. उजनीच्या अपघाताला दोन दिवस होत नाहीत तोच, २३ मे २०२४ रोजी, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचेच तीन जवान मृत्युमुखी पडले. ती प्रशिक्षित, गणवेशातली माणसं होती. मग कमरेला सुतळीचा दोर बांधून उतरणाऱ्या पोराचं काय? त्याच्या आधी, ऑगस्ट २०१९च्या महापुरात, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली गावाचीच बोट उलटून सतरा जणांचा जीव गेला. बोट होती, चालवायला हात होते, वाचवायची इच्छा तर होतीच. बोटीत किती माणसं घ्यायची, हे ठरवणारा आणि त्यापुढच्या माणसाला ‘नाही’ म्हणणारा कुणी नव्हता.

हे ‘नाही’ म्हणणं जगात कुठे शिकवलं जातं, याचा शोध घेताना मी इंग्लंडातल्या हौशी क्लबांपर्यंत पोचलो. १९४३ साली जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीनं पाठीवरच्या सिलिंडरमधून हवी तेवढीच हवा तोंडात सोडणारी यंत्रणा बनवली आणि पाण्याखाली जायचं काम नौदलाच्या हातून सामान्यांच्या हातात आलं. दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, लंडनमध्ये ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ निघाला. त्याच्या शाखा गावोगावी आहेत आणि त्या सदस्यच चालवतात. शिकवणारा दिवसा प्लंबर असेल किंवा बँकेत कारकून. संध्याकाळी तो गावच्या तरणतलावावर नवशिक्यांना मास्कमधलं पाणी कसं काढायचं ते दाखवतो आणि त्याचे पैसे घेत नाही. शाखेला खजिनदार असतो, साहित्य सांभाळणारा असतो आणि सगळ्यांच्या वर एक डायव्हिंग ऑफिसर. आज समुद्रात उतरायचं की नाही, हे तो ठरवतो. त्यानं नको म्हटलं, की दोनशे मैल गाडी चालवून आलेलेही मुकाट्यानं माघारी जातात.

अशा हौशींनी काय काय केलं त्याची यादी मोठी आहे, त्यातली एकच गोष्ट सांगतो. आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं होतं. १९६५ साली अलेक्झांडर मॅकी या लेखकानं क्लबच्या साउथसी शाखेतले सवंगडी जमवून त्याचा शोध सुरू केला. सुट्टीच्या दिवशी गढूळ पाण्यात चाचपडत त्यांनी वर्षं काढली. १९७१ मध्ये लाकडं सापडली, १९८२ मध्ये जहाजाचा सांगाडा वर आला. आपल्याकडे पळसदेवचं देऊळ उजनीत बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं, आपण फोटो काढतो, पाऊस पडला की विसरतो.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची एक वही. साठच्या दशकापासून हा क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल छापतो. त्यात नावं नसतात. अमुक इतक्या खोलीवर, अमुक हवामानात, कोणती चूक झाली आणि पुढे काय झालं, एवढंच. मेलेल्यांचं आणि थोडक्यात वाचलेल्यांचंही. आपल्याकडे बुडालेला माणूस पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून नोंदला जातो आणि पंचनाम्याबरोबर फाईल बंद होते. देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. त्यांतला एकही मृत्यू पुढच्या माणसाला काही शिकवून जात नाही.

बिनपगारी माणूस किती तयारीचा असू शकतो हे जगानं २०१८ साली थायलंडमध्ये पाहिलं. थाम लुआंगच्या गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यानं अडकले. २ जुलैला त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोचलेले दोघे, रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन, हे ब्रिटनमधले हौशी गुहा-पाणबुडे होते. एक निवृत्त अग्निशमन जवान, दुसरा संगणकाच्या व्यवसायातला. दहा तारखेपर्यंत तेराही जण बाहेर आले. मदतीला आलेला थायलंडच्या नौदलाचा एक माजी पाणबुडा मात्र सिलिंडर पोचवून परतताना गेला. त्या गुहेतलं पाणी उपसायचा सल्ला द्यायला ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची माणसं गेली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे मालवणजवळ तारकर्ली आहेच की. आहे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानं तिथे स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी केली, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी ती नावारूपाला आणली, स्थानिक पोरांना त्यातून रोजगार मिळाला. पण मालवणला पर्यटक जातो तो अर्ध्या तासाचा अनुभव आणि व्हिडिओ घेऊन येतो. त्याला धरून खाली नेणारा दुसराच असतो. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली सुखरूप राहिलेली माणसं पाण्याच्या वर गेली. क्लब ही चीज याहून निराळी. तिथे आज शिकलेला परवा दुसऱ्याला शिकवतो आणि मधल्या दिवशी फिन्स धुतो.

समजा, मोडनिंब-टेंभुर्णीच्या दहा-बारा जणांनी मनावर घेतलं. पहिली अडचण उंचीची. उजनीची पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. पाणबुड्यानं किती खोल, किती वेळ राहावं आणि कुठे थांबत वर यावं, याची कोष्टकं समुद्रासाठी केलेली असतात. तीनशे मीटरच्या वर ती बदलून वापरावी लागतात, कारण वरच्या हवेचा दाब कमी असतो आणि रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन लवकर बाहेर पडू पाहतो. तारकर्लीत शिकून आलेला पोरगा तेच गणित घेऊन उजनीत उतरला, तर सांधे धरून बसेल.

दुसरी अडचण पाण्याची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमा असं वाहत इथे येतं. उन्हाळ्यात जलाशय शेवाळानं हिरवागार होतो. काही मीटर खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही आणि तळाला बुडालेल्या शिवारातल्या बांधांचे दगड, बाभळी, तुटलेली जाळी. अशा पाण्यात शोध घ्यायची रीत दोराची असते. तळाला वजन ठेवायचं, त्याला दोर बांधायचा, दोराचं टोक धरून पाणबुड्यानं एका हातानं तळ चाचपत गोल फिरायचं. फेरी पुरी झाली की हातभर दोर सोडून पुढची फेरी. वर होडीत बसलेल्याच्या हातात त्याचा जीवनदोर असतो. एक झटका म्हणजे काय, दोन म्हणजे काय, हे आधी ठरलेलं असतं. वरच्या माणसानं त्या वेळी मोबाईल बघायचा नसतो, जमलेल्या गर्दीशी बोलायचंही नसतं. माझ्या मते सगळ्यांत अवघड प्रशिक्षण याचंच आहे.

तिसरी अडचण हवेची. बारा लिटरचा सिलिंडर दोनशे बारनं भरला की त्यात २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसाला ती काठावर दोन तास पुरेल. दहा मीटरवर दाब दुप्पट, तेव्हा एक तास, वीस मीटरवर चाळीस मिनिटं. घाबरला तर याच्या निम्मी. शिवाय वर येण्यासाठी काही राखून ठेवायचीच. हा सिलिंडर भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो, पंक्चरवाल्याचा चालत नाही. हवा ओढायचं तोंड डिझेल इंजिनच्या धुराजवळ आलं, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साईड भरतो. त्याला वास नसतो. ठरावीक मुदतीनं सिलिंडरची दाबचाचणी करावी लागते. त्याचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, म्हणजे कागदपत्रांसाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

एवढं करून सिलिंडर माणूस वाचवेल का? बहुधा नाही, हे सांगायलाच हवं. श्वास तुटल्यावर मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. तेवढ्यात कुणी पट्टे बांधून, मास्क लावून तळाला पोचत नाही. पाणबुड्या आणतो तो बहुधा देह. घरच्यांसाठी तेही फार मोठं असतं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल कोसळला, तेव्हा नौदलाचे पाणबुडे असूनही वाहून गेलेल्या एसटीचा सांगाडा सापडायला आठवडा उलटून गेला. काठावर बसून राहिलेल्यांचे ते दिवस आठवावेत. पण जीव वाचतो तो काठावर आणि पहिल्या मिनिटात. फेकायला दोर असेल, अंगात जॅकेट असेल, बुडणाऱ्याला पाठीमागून धरायचं असतं हे कुणाला तरी ठाऊक असेल, वर काढल्यावर तोंडानं श्वास द्यायला कुणी शिकलेलं असेल, तर.

म्हणून मला क्लब हवा आहे तो सिलिंडरसाठी नव्हे. सिलिंडर हे पोरांना जमवायचं आमिष समजा. पाण्याखाली जायचं म्हटलं की पंचविशीतली पोरं येतील, शेततळ्याच्या सुरक्षेचं व्याख्यान ठेवलं तर कुत्रं येणार नाही. आली की त्यांना आधी सहा महिने पोहणं, दोर फेकणं, छाती दाबून श्वास चालू करणं शिकवावं, मगच मास्क द्यावा. शिकवायला पंढरपूरचे होडीवाले कोळी पहिल्या रांगेत हवेत. नदी कुठे फिरते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्यांना जास्त कळतं आणि मानधन घ्यायचा पहिला हक्कही त्यांचा. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ पासून आहे. तिच्यात गावकऱ्यांना प्रशिक्षण, साहित्य आणि विमा मिळतो. नवीन कागदी घोडे नाचवण्याआधी तिथे नावं घालावीत.

आणि पहिलं काम स्वतःच्या शेतावर करा. शेततळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, काठावर हवा भरलेली एक ट्यूब बांधा. एका तळ्याला याचा खर्च खताच्या एका गोणीपेक्षा जास्त येत नाही.