मुसाफिर आणि मिसाफिर : तुर्कस्तानातली एकट्याची भ्रमंती

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही म्हटलं होतं, की पुढच्या वेळी तुर्कस्तानबद्दल बोलू. त्यावर एकानं लगेच विचारलं, ‘सर, आम्ही आम्ही म्हणता, पण बरोबर कोण कोण होतं?’ कोणीही नव्हतं. वर्गात पस्तीस वर्षं ‘आम्ही’ म्हणायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात दुसरं माणूस होतं तोवर हे खपून जात होतं. आता पत्नी जाऊन चार वर्षं झाली, तरी आम्ही ‘आम्ही’च. तर वयाच्या ७३व्या वर्षी सात किलोची सॅक पाठीवर टाकून आम्ही एकटे तुर्कस्तानात तीन आठवडे फिरलो. मुलीचा विरोध होता. तिला आम्ही तत्त्वज्ञानाच्या मास्तराला शोभेल असं उत्तर दिलं, की ज्याला एकटं राहता येत नाही त्याला विचारही करता येत नाही. हेच वाक्य याच व्यासपीठावरून तुम्हीही आमच्याकडून ऐकलेलं आहे. त्या वाक्याचं पुढे काय झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी तुर्कस्तानच का, ते सांगतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये जन्मलं, असं आपण पहिल्याच तासाला शिकवतो. पण नकाशा काढून बघा. थेलीस आणि ॲनॅक्झिमँडर हे मायलीटसचे, हेराक्लिटस इफेससचा, कंदील घेऊन माणूस शोधणारा डायोजिनीस सिनोपचा, एपिक्टेटस हायरापोलिसचा. ॲरिस्टॉटलही काही वर्षं ॲसॉसला राहिला. ही सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात आहेत. म्हणजे आमचा अर्धा अभ्यासक्रम ज्या देशात घडला, तो देश आम्ही पाहिलाच नव्हता. याची लाज वाटायला हवी होती, ती फार उशिरा वाटली.

इस्तंबूलवर फार वेळ घालवत नाही, त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. आया सोफियाबद्दल एवढंच सांगतो. इमारत इ. स. ५३७ मध्ये पुरी झाली आणि ५५८ मध्ये तिचा घुमट कोसळला. आज आपण मान वर करून पाहतो तो दुसरा घुमट, जास्त उंच उभारलेला, आणि तोही नंतर दोनदा अंशतः पडला. चर्च, १४५३ नंतर मशीद, गेल्या शतकात संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. वास्तू एकच.

तिथून इफेसस. जवळचं गाव सेल्चुक. इझमीरहून आगगाडी आहे. संगमरवरी रस्ता, सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग, मोठं नाट्यगृह, सगळं भव्य आहे. पण आम्ही गेलो होतो हेराक्लिटससाठी, आणि तिथे लक्षात आलं, की हे त्याचं इफेसस नव्हेच. तो इ. स. पूर्व ५००च्या सुमाराचा. आज तिकीट काढून जे बघतो ते मुख्यतः रोमन काळातलं शहर. हेराक्लिटसचं गाव आर्टेमिसच्या देवळाच्या बाजूला होतं, ते गाळाखाली गेलं. नंतरच्या राजानं, लिसिमॅकसनं, लोकांना नव्या जागी हलवलं. मग नव्या शहराचं बंदरही गाळानं भरलं. समुद्र आज कित्येक किलोमीटर लांब दिसतो. आणि हे सगळं कुणी केलं? नदीनं! कायस्टर नदीनं, जिला आज कुचुक मेंदेरेस म्हणतात. नदीचा दाखला देणाऱ्या माणसाचं गाव नदीनंच पुरलं.

त्याचं ते वचन आपण सगळे चुकीचं सांगतो. आम्हीही वर्षानुवर्षं चुकीचं सांगितलं. ‘एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही’ असं आपण म्हणतो, म्हणजे सगळं बदलतं, काहीच टिकत नाही. पण जास्त विश्वसनीय मानला जाणारा पाठ वेगळा आहे. त्याचा आशय असा, की त्याच नद्यांमध्ये उतरणाऱ्यांवरून वेगवेगळं पाणी वाहत असतं. नदी तीच आहे! पाणी बदलत राहतं म्हणूनच ती नदी आहे. थांबलं तर डबकं होईल. आर्टेमिसच्या देवळाचा आज एकच खांब उभा आहे, तोही तुकडे रचून उभा केलेला. वर करकोच्यांचं घरटं. हेराक्लिटसनं आपलं पुस्तक याच देवळात ठेवलं होतं अशी परंपरा आहे. आम्ही समोरच्या दगडावर तासभर बसलो आणि मनातल्या मनात जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागितली.

आता रस्ता. तुर्कस्तानात एकट्यानं फिरणं सोपं आहे, कारण बस. बसस्थानकाला ओतोगार म्हणतात. लांबच्या बसमध्ये एक पोऱ्या चहा देतो आणि हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो. गावागावांत दोल्मुश चालते. ज्यांनी कोल्हापूर-साताऱ्याकडे वडापनं प्रवास केला आहे, त्यांना दोल्मुश समजावून सांगायला नको. शब्दाचा अर्थच ‘भरलेली’, आणि पूर्वी ती भरल्याशिवाय हलतच नसे. शाकाहारी माणसाला मसुरीच्या डाळीचं सूप, मेर्जिमेक, कुठेही मिळतं. आमटीच म्हणा ना. बरोबर पाव हवा तेवढा.

भाषा येत नव्हती, पण शब्द ओळखीचे भेटत होते. दुकानाला दुक्यान, साबणाला साबुन, हवेला हवा, खबरीला हाबेर. मात्र काही शब्द फसवतात. ‘तमाम’ म्हणजे तिकडे ‘ठीक आहे’. ‘तारिह’ म्हणजे तारीख, आणि इतिहासही. आणि ‘मिसाफिर’ म्हणजे आपला मुसाफिरच, मूळ अरबी शब्द एकच, पण तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा! आपण त्या शब्दात चालणारा माणूस पाहतो, ते दारात आलेला पाहतात. न सांगता आलेल्या पाहुण्याला तर ते ‘तान्रि मिसाफिरी’, देवाचा पाहुणा, म्हणतात. आपला ‘अतिथी’ आठवतो की नाही?

हा शब्द नीट कळला तो कोन्याहून पूर्वेला जाताना. कोन्यात रूमीची समाधी पाहिली, गर्दी फार होती. पुढे अक्सरायच्या वाटेवर सुलतानहान लागतं. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादनं १२२९ मध्ये बांधलेली सराई. किल्ल्यासारख्या भिंती, कोरीव दगडी दार, आत अंगण, अंगणाच्या मधोमध खांबांवर उचललेली छोटी मशीद, मागे थंडीसाठी भलं मोठं छप्पर. अशा सराया व्यापारी रस्त्यांवर साधारण एका दिवसाच्या मजलेवर बांधल्या. तीन दिवसांपर्यंत मुक्काम आणि जेवण फुकट असे. राज्याला व्यापार हवा होता, हे खरंच. पण वाटसरू ही राज्याची जबाबदारी आहे, ही कल्पना दगडात बांधलेली पाहताना आम्हांला बरं वाटलं.

आणि मग कॅपाडोशिया. इथे थोडा भूगोल समजून घेऊ, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, कारण क्वचित कुणाला माहीत असतं. आपला सह्याद्री लाव्हाचा. लाव्हा वाहिला, थिजला, काळा कठीण बेसॉल्ट झाला. कॅपाडोशिया राखेचा. काही दशलक्ष वर्षांच्या काळात तिथल्या ज्वालामुखींनी पुन्हा पुन्हा राख ओकली. ती दबून मऊ खडक झाला, त्याला टफ म्हणतात. साध्या हत्यारानं कोरता येतो, आणि उघडा पडलेला पृष्ठभाग पुढे हळूहळू टणक होतो. मधूनमधून जास्त कठीण थर बसले. पाऊस, बर्फ आणि वारा मऊ भाग खात गेले. जिथे डोक्यावर कठीण दगडाची टोपी राहिली तिथे खालचा सुळका वाचला. हेच ते ‘पेरी बाजासी’, पऱ्यांची धुराडी. टोपी पडली की सुळका झिजून जातो. म्हणजे जे आपण पाहतो ते पूर्ण झालेलं काही नाही, मधलीच अवस्था आहे.

या खडकात माणसांनी घरं, तबेले, कबुतरखाने कोरले. कबुतरांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून वापरत. आणि चर्च कोरली. ग्योरेमेच्या ‘काळोख्या चर्चमध्ये’ भित्तिचित्रांचे रंग अजून ताजे आहेत, कारण आत उजेडच फार येत नाही. मराठी माणूस तिथे उभा राहिला की कार्ले-भाजे आठवणारच. कार्ल्याच्या चैत्याला छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या काहीही पेलत नाहीत. पूर्वीच्या लाकडी बांधकामाची ती आठवण. इथेही तसंच. डोंगर पोखरलेला आहे, खांबांची गरज नाही, तरी बांधीव चर्चसारखे खांब आणि कमानी कोरल्या आहेत. काही ठिकाणी खांब खालून तुटला आहे आणि वरचा भाग छताला नुसता लोंबतो आहे. छत मजेत!

ही चर्च मुख्यतः दहाव्या-अकराव्या शतकातली. पण मार्गदर्शक लोक सरसकट संत बेसिलचं नाव घेतात. बेसिल चौथ्या शतकातला, शेजारच्या सीझेरियाचा, म्हणजे आजच्या कायसेरीचा बिशप. त्याचा भाऊ न्यिसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी हे दोघे मोठे तत्त्वचिंतक. सार एक आणि व्यक्ती तीन, हा भेद या तिघांनी घासूनपुसून दिला. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा. आज बेसिलचा एकच मुद्दा सांगतो. साधकानं एकांतात राहावं की समूहात? बेसिल म्हणतो, समूहात. त्याचा युक्तिवाद असा, की एकट्याला स्वतःचे दोष दाखवणारं कोणी नसतं; आणि नम्रता, सेवा हे गुण अंगी आहेत असं एकटा माणूस म्हणेल, पण ते दाखवणार कुणाला? हे आम्ही पूर्वी वाचलेलं होतं. वाचून बाजूला ठेवलेलं होतं.

मग देरिनकुयु. जमिनीखालचं गाव, सुमारे ८५ मीटर खोल. तबेले, कोठारं, विहिरी, हवेसाठी उभे झोत. वाटेवर जात्याच्या तळीसारखे प्रचंड गोल दगड, जे फक्त आतूनच सरकवून दार बंद करता येतं. अरब स्वाऱ्यांच्या काळात लोक इथे लपत. आम्ही सकाळी एकटेच उतरलो. वाकून चालावं लागतं, एकामागे एक. तिसऱ्या की चौथ्या मजल्यावर जिन्यात आमचा श्वास अडकला. छाती धडधडायला लागली, गुडघे जागेवर थिजले. पुढे जाता येईना, मागून शाळेची सहल आली होती. फोन लागत नाही. आपण कुठे आहोत हे त्या दिवशी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, मुलीलाही नाही. इथेच संपलो, असं खरंच वाटलं.

सहलीतल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलानं आमचा हात धरला. ‘देदे, यवाश, यवाश’ म्हणाला. आजोबा, हळूहळू. त्याच्या बाईंनी मागची रांग थोपवली, दोन मुलं पुढे, तो आमच्याबरोबर, असं करत त्यांनी आम्हांला वर आणलं. बाहेर बाकावर बसवून पाणी दिलं. बाई म्हणाल्या, ‘गेच्मिश ओल्सुन’. होऊन गेलं असू दे, असा त्याचा अर्थ. मुलं पुन्हा खाली गेली. मुलाचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दूर कुठे न जाता मुस्तफापाशा गावी गेलो. जुनं नाव सिनासोस. ग्रीक ऑर्थोडॉक्स कुटुंबांची सुरेख दगडी घरं, दारांवर कोरीव काम. ती माणसं तिथे नाहीत. १९२३च्या लोझानच्या करारानं तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकांची अदलाबदल झाली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक इकडून, चार लाखांच्या आसपास मुसलमान तिकडून. निकष भाषा नव्हती, धर्म होता. कॅपाडोशियातल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांची मातृभाषा तुर्की होती. तेच तुर्की ते ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसमध्ये पाठवलं, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. आणि ग्रीसमधून आलेल्यांना ही रिकामी घरं मिळाली. १९४७ पाहिलेल्या कुणाच्या घरात तुम्ही वाढला असाल, तर याहून जास्त सांगायला नको.

एका घराच्या पायरीवर बसून आम्ही मुलीला फोन केला. आधीच्या दिवशीचं सगळं खरं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, आता रोज सकाळी कुठे चाललात ते कळवायचं.’ उरलेले नऊ दिवस रोज कळवलं.

आता प्रश्न घेऊ. मागे एक हात वर आहे, बोला.