मुक्या जनावराचे दुखणे

घरात पाळलेला कुत्रा एकाएकी पलंगाखाली जाऊन बसू लागला, हाक मारली तरी बाहेर येईनासा झाला, की घरची मंडळी त्याला 'रुसला' म्हणतात. मांजराने गादी ओली केली की ते 'माजले' ठरते. माणसाच्या स्वभावाचे शब्द जनावराला लावण्याची ही सवय मायेपोटीच आलेली असते. परंतु तिच्यामुळे पुष्कळदा दुखण्याचे पहिले एक-दोन दिवस फुकट जातात. आपले काय दुखते हे जनावराला सांगता येत नाही. ते फक्त वेगळे वागू शकते. म्हणूनच जाणता पशुवैद्य तपासण्यापूर्वी विचारतो तो हा, की नेहमीपेक्षा वेगळे काय दिसले आणि केव्हापासून.

मांजराचेच उदाहरण घ्यावे. बोका वारंवार मातीच्या पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, मध्येच ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो. घरच्यांना वाटते, मलावरोध झाला असावा. कोणी एरंडेल पाजतो, कोणी दूध पुढे ठेवतो. वास्तविक बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे आणि चिकट स्राव त्यात अडकला की लघवी कोंडते. मग जे विष शरीराबाहेर पडावयाचे ते रक्तात साठू लागते, त्यातील पोटॅशियमचे प्रमाण वाढते, आणि एक-दोन दिवसांत हृदयच बंद पडू शकते. गुंगी देऊन नळी घातली तर प्राणी वाचतो. बोक्याला लघवी होत नाही असा नुसता संशय आला तरी रात्र उलटू देता कामा नये.

लघवी होते पण भलत्या जागी होते, हा प्रकार निराळा. मांजर स्वभावतः स्वच्छतेचे भोक्ते आहे. त्याने पेटी सोडली तर एक तर पेटी घाण असते, किंवा मूत्राशयाला सूज आलेली असते. घर बदलले, पाळणा हलला, दुसरे मांजर आले, एवढ्यानेही ही सूज येते. अशा मांजराला मारल्याने, त्याचे तोंड घाणीत घासल्याने काहीही साधत नाही. ते लपून घाण करावयास शिकते इतकेच.

कुत्र्याच्या बाबतीत आपल्याकडील मोठा शत्रू म्हणजे गोचीड. कुत्रा 'आळशी झाला' अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात, आणि ओठ उचलून पाहावे तर हिरड्या पांढुरक्या पडलेल्या असतात. गोचीड रक्त पिते हा त्यातला लहान भाग. ती रक्तात रोगजंतू सोडते. त्यांतून ताप येतो, भूक जाते, आणि कधी नाकातून रक्त वाहू लागते. वेळीच औषध मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. तथापि पुन्हा गोचिडी का होतात, याचे उत्तर कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या फटींत असते, कारण अंडी तेथे घातलेली असतात. अंगाला रॉकेल चोळण्याची चाल अजून कोठे कोठे आहे. त्याने कातडी भाजते, आणि चाटल्यावर ते पोटातही जाते. कुत्र्यांसाठी मिळणारी काही गोचीडनाशके, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराला विषासारखी बाधतात. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकते.

म्हातारा कुत्रा पाठीवर हात ठेवताच गुरगुरतो, तेव्हा सांधे धरले आहेत का, कान आतून चिघळला आहे का, हे आधी पाहावे.

मात्र वागणुकीतील एक बदल असा आहे, की तो ओळखण्यात चूक झाली तर किंमत माणसाला द्यावी लागते. पिसाळलेला कुत्रा म्हटला की फेस गाळीत, दिसेल त्याला चावत धावणारा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. परंतु रेबीजचे दुसरे रूप अगदी शांत असते. कुत्रा अंधारात पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, काही गिळता येत नाही. घरधन्याला वाटते, घशात हाड अडकले. तो मायेने तोंडात हात घालतो, आणि बोटावरच्या लहानशा ओरखड्यातून ती लाळ त्याच्या शरीरात शिरते.

'पाणी पितो, म्हणजे पिसाळलेला नाही' ही समजूतही अशीच घातक आहे. सुश्रुतसंहितेत ज्याला जलत्रास म्हटले आहे, ते माणसातील लक्षण होय. कुत्रा पाण्याला भीत नाही; गिळता येत नसले तरी तो भांड्यात तोंड घालतो.

चावा असो, ओरखडा असो, कुत्र्याचा असो वा मांजराचा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद यांचा तेथे काही उपयोग नाही. लस त्याच दिवशी सुरू करावी. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा सुया घेण्याच्या जुन्या भीतीने कित्येक जण अद्याप टाळाटाळ करतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती आणि भारतात २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की मात्र उपाय उरत नाही.

गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना सामुदायिक लस टोचण्यात आली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. घरच्या पिल्लालाही तिसऱ्या महिन्यात पहिली लस व पुढे दरवर्षी एक, एवढेच करावे लागते. त्याआधी रस्त्यावरून उचलून आणलेले पिल्लू मुलांना दात लावत असेल, तर 'पिल्लूच ते' म्हणून सोडून देऊ नये. या रोगाला वय नाही.

चावलेला कुत्रा किंवा मांजर सापडत असेल, तर ते बांधून दहा दिवस पाहावे. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे खात्रीने सांगता येते, आणि लस पुढे चालू ठेवावयाची की नाही हे डॉक्टर ठरवतात. या अवधीत ते मेले तर उघड्या हातांनी उचलून घाईघाईने पुरू नये, पशुवैद्याला कळवावे. निदान मेंदूच्या तपासणीवरूनच होते, आणि त्या दिवसांत घरातील कोणाकोणाचा हात त्याच्या तोंडाला लागला होता, याची यादी तेव्हा लागते.