सुईतले किरणोत्सर्गी औषध अंगात जाते कोठे?

“उद्या हाडांचा स्कॅन करू. किरणोत्सर्गी औषधाची सुई द्यावी लागेल,” असे मोठ्या इस्पितळात सांगितले की घरची माणसे धास्तावतात. ते औषध अंगात कायमचे तर राहणार नाही ना?

पिकाला खत घातले की मुळे ते शोषतात व झाडात वर पोचवतात, हे आपण जाणतोच. १९२३ साली हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने बाकल्याच्या रोपांना किरणोत्सर्गी शिसे मिसळलेले पाणी दिले आणि मुळांत किती राहिले, वर किती चढले, ते मोजले. अशा माग काढण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या अंगातही असाच माग काढता येतो.

हाडांच्या तपासणीत टेक्नेशियम हे द्रव्य फॉस्फरसयुक्त रसायनाला जोडून शिरेत टोचतात. हाड कॅल्शियम व फॉस्फेटचे बनलेले, म्हणून ते रसायन हाडाला जाऊन चिकटते. जेथे हाड नव्याने घडत असते, मग ती मोडलेली जागा असो की कर्करोग पसरलेली, तेथे ते जास्त गोळा होते व चित्रात उठून दिसते. सुईनंतर दोन ते चार तास बसवून ठेवतात ते उगीच नव्हे. तेवढ्या वेळात हाडे आपला वाटा घेतात आणि रक्तात उरलेले बरेचसे औषध मूत्रपिंडे गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि लाजून लघवी तुंबवू नये. मूत्राशयात साठलेले औषध आसपासच्या अवयवांना किरण देत राहते, शिवाय चित्रात कमरेची हाडे झाकली जातात.

हाडात राहिलेल्याचे काय? टेक्नेशियम दर ६ तासांनी आपोआप निम्मे होते. दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो, दोन दिवसांत नावापुरते.

थायरॉईडवर देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन निराळे. ते बहुधा तोंडावाटे देतात आणि ते निम्मे व्हायला ८ दिवस लागतात. काही थायरॉईडमध्ये राहते. उरलेले मुख्यतः लघवीतून, थोडे घामातून व थुंकीतून जाते. उपचाराची मात्रा मोठी असते, तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस लेकरांना कुशीत घेऊ नये. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून या शास्त्राचे काम चालते.

बाई अंगावर पाजत असेल किंवा दिवस गेल्याची नुसती शंका असेल, तरी सुईआधीच डॉक्टरांना सांगावे. काही औषध दुधातही उतरते. पाजणे थांबवायचे का व किती वेळ, ते औषध पाहून ठरते.