सिगारेटला हातही न लावता फुफ्फुसाचा कॅन्सर कसा होतो?

“आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, मग कॅन्सर झालाच कसा?” या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच रोगप्रतिकारशक्तीत सापडतं.

आपल्या पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप देतात. ‘इंटरल्युकिन-१ बीटा’ हे त्यातलंच एक. धोका दिसला की ते सूज आणतं आणि दुरुस्ती सुरू होते. काम चांगलंच, पण कधीकधी हाच निरोप भलत्या पेशीच्या कानी पडतो.

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वान्टन यांच्या टीमचं संशोधन २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. फुफ्फुसातल्या निरोगी भागाच्या २९५ नमुन्यांपैकी १८ टक्क्यांत ईजीएफआर जनुकातला कॅन्सरशी संबंधित बदल आधीच होता! वयानुसार असे बदल साचतात, पण या पेशी बहुधा निपचित पडून असतात. हवेतले पीएम २.५ कण आत गेले की मॅक्रोफेज पेशी हे प्रथिन सोडतात आणि निपचित पेशी वाढू लागतात. उंदरांमध्ये हे प्रथिन अडवल्यावर प्रदूषणामुळे होणाऱ्या गाठी रोखता आल्या.

मग माणसांना औषध का देत नाहीत? कॅनाकिनुमॅब हे औषध आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवरच्या कॅन्टॉस चाचणीत (२०१७) जास्त डोस घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी झाला. पण कॅन्सर झालेल्यांवरच्या पुढच्या कॅनोपी चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही. शिवाय कॅन्टॉसमध्ये जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले होते. धडधाकट माणसाला वर्षानुवर्षं हे इंजेक्शन देणं म्हणूनच सोपं नाही.