पडद्यावरचा कोळी, मोरीतला कोळी

‘अ‍ॅरॅक्नोफोबिया’ (१९९०, दिग्दर्शक फ्रँक मार्शल) या भय-विनोदी चित्रपटात कॅलिफोर्नियातल्या एका गावात कोळी चावून माणसं पटापट मरतात. मारेकऱ्यांच्या झुंडी म्हणून वापरले होते न्यूझीलंडचे ‘अ‍ॅव्हनडेल’ कोळी. दिसायला थोराड, पण माणसाला निरुपद्रवी!

त्यांच्याच कुळातला एक भाऊबंद डहाणू-तलासरीच्या घरांतही असतो. चपटा, तपकिरी, लांब तंगड्यांचा. जाळं विणत बसत नाही; रात्री मोरीत, कौलांखाली फिरून झुरळं धरतो. मादी बटणासारखी चपटी अंड्यांची पिशवी पोटाखाली धरून हिंडते. केरसुणी उचलली, की फटीत पसार. त्याला मारू नये, झुरळांचा बंदोबस्त फुकटात होतो.

भ्यायचं तर कोळ्याच्या नात्यातल्या विंचवाला. कोकणातल्या लाल विंचवाचं विष थेट हृदयावर घाला घालतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यावर वापरलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९८६मध्ये ते छापलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरलं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली, तर भगताकडे वेळ न घालवता तलासरीचं ग्रामीण किंवा डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं.